पॉडकास्टची फीड आपली, मग श्रोत्यांशी संवाद परक्या दारात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी पॉडकास्टची चर्चा निघाली की यूट्यूबवर किती व्ह्यूज आणि स्पॉटिफायवर किती फॉलोअर, इथेच ती थांबते. पॉडकास्ट मुळात कोणत्याही एका कंपनीच्या मंचावर उभा नाही, याचा त्यात विसर पडतो आणि त्याची किंमत निर्मात्यांनाच मोजावी लागते.

पॉडकास्टचा पाया म्हणजे आरएसएस फीड, सर्व्हरवर ठेवलेली एक मजकुराची फाइल. तिच्यात प्रत्येक भागासाठी ‘एन्क्लोजर’ हा टॅग, म्हणजे ठरावीक नावाची खूण, असतो. त्यात ध्वनिफाइलचा पत्ता, बाइट्समधला आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. कोणतेही ॲप एवढे वाचून भाग उतरवून घेऊ शकते. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सूची आणली, तीही याच फीडवर. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा स्वतःची फीड असलेल्यांचा एकही भाग नाहीसा झाला नाही. श्रोते त्याच फीडवर दुसऱ्या ॲपमधून ऐकू शकले. यूट्यूब वाहिनीचीही फीड असते, पण तीत शेवटच्या १५ व्हिडिओंचे दुवे मिळतात, ध्वनिफाइल मिळत नाही.

आरएसएसमध्ये उणीव आहे ती परतीच्या वाटेची. भाग श्रोत्यापर्यंत जातो, पण श्रोत्याची प्रतिक्रिया त्या-त्या ॲपमध्येच अडकून राहते. ही वाट विकेंद्रित सामाजिक प्रोटोकॉल देतात, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या खात्यांना एकमेकांशी बोलू देणारे सामाईक नियम. त्यांपैकी ॲक्टिव्हिटीपबला जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. अनेक स्वतंत्र सर्व्हरवर पसरलेले, छोट्या पोस्टचे समाजमाध्यम मॅस्टोडॉन, व्हिडिओंसाठीचे पीअरट्यूब आणि पॉडकास्ट होस्टिंगचे (म्हणजे भाग व फीड सर्व्हरवर ठेवण्याचे) मुक्त सॉफ्टवेअर कॅस्टोपॉड त्यावर चालतात. कॅस्टोपॉडमध्ये पॉडकास्टलाच खाते मिळते आणि मॅस्टोडॉनवरचा श्रोता त्याला थेट फॉलो करतो. वर्डप्रेसवर संकेतस्थळ असेल तर ॲक्टिव्हिटीपबचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवूनही हे साधते. ब्लूस्काय या समाजमाध्यमाचा एटी प्रोटोकॉल निराळा आहे, नोस्टर हा विकेंद्रित प्रोटोकॉलही निराळा.

फीड आणि संवाद यांना जोडणारा टॅग आहे ‘सोशलइंटरॅक्ट’. ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये पॉडकास्ट इंडेक्स ही पॉडकास्टची खुली सूची सुरू केली, फीडमध्ये नवे टॅग आणणाऱ्या त्यांच्या चळवळीतून तो आला. क्रम असा ठेवावा: आधी भाग प्रसिद्ध करावा, मग त्याचा दुवा देणारी पोस्ट मॅस्टोडॉनवर टाकावी, त्या पोस्टचा पत्ता भागाच्या नोंदीत या टॅगमध्ये भरावा, प्रोटोकॉल म्हणून ‘ॲक्टिव्हिटीपब’ लिहावे आणि फीड पुन्हा प्रसिद्ध करावी. त्या पोस्टखालची उत्तरे मग हा टॅग वाचणाऱ्या ॲपमध्ये भागाखाली दिसतात. ॲपल आणि स्पॉटिफाय हा टॅग वाचत नाहीत. पण अनोळखी टॅग ॲप सोडून देते, त्यामुळे नुकसान काही नाही.

गडबड होते ती ठरावीक ठिकाणी. पोस्टऐवजी प्रोफाइलचा पत्ता दिला जातो, किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर दिसणारा पत्ता उचलला जातो. पत्ता आपल्या मूळ सर्व्हरचाच हवा. पोस्ट ‘फक्त फॉलोअरसाठी’ ठेवली असेल तर ॲपला ती वाचताच येत नाही. जुन्या पोस्ट आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर मूळ पोस्टबरोबर भागाखालचा संवादही जातो. लॉगिन न करता विचारणाऱ्या ॲपला मॅस्टोडॉन एका पोस्टखालची जास्तीत जास्त ६० उत्तरे देतो, म्हणून गाजलेल्या भागाची चर्चा अर्धवट दिसू शकते. आणि ध्वनिफाइल मॅस्टोडॉनवर चढवू नये. ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाभराचा भाग सुमारे २९ एमबी होतो. तो होस्टिंगवरच राहू द्यावा, पोस्टमध्ये दुवा पुरे.

सर्व्हर बदलण्याची वेळ येतेच. मॅस्टोडॉनवर फॉलोअर नव्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्ट नेता येत नाहीत. म्हणजे आधीच्या भागांचा संवाद जुन्या सर्व्हरवरच राहतो आणि तो बंद पडला की संपतो. एटी प्रोटोकॉलमध्ये ओळख सर्व्हरपासून वेगळी असल्याने पोस्टसह सगळा संग्रह हलवता येतो. फीडचे घर बदलताना जुन्या पत्त्यावरून ३०१ पुनर्निर्देशन (ॲपला कायमच्या नव्या पत्त्यावर पाठवणारी सूचना) किमान चार आठवडे ठेवावे आणि भागांचे ‘जीयूआयडी’, म्हणजे प्रत्येक भागाची ओळखखूण, मुळीच बदलू नयेत. बदलले तर ॲप जुने भाग नवे समजून पुन्हा दाखवतात. या सगळ्यासाठी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, स्वतःचे असणे फार महत्त्वाचे. ब्लूस्कायवर तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद घातली की तेच डोमेन आपले नाव होते.

फुकट होस्टिंग घेतानाही आधी एवढे पाहावे की सार्वजनिक फीड मिळते का आणि निघताना पुनर्निर्देशन देतात का. काही सेवांत फीड सुरुवातीला बंद असते, ती सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. मराठी वृत्तपत्रे आता स्वतःचे पॉडकास्ट काढतात. त्यांनी पॉडकास्टच्या पानावर स्पॉटिफाय आणि यूट्यूबच्या चिन्हांशेजारी आरएसएसचा दुवाही द्यावा, ही विनंती.

आपला,
एक पॉडकास्ट तंत्रज्ञ, पुणे