समुपदेशकाला पुढची पायरी कुठे आहे?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

एका अनुदानित शाळेत मी 14 वर्षे समुपदेशक आहे. संस्था दर जूनमध्ये नवा आदेश काढते, एप्रिलअखेर तो संपतो. माझ्याबरोबर रुजू झालेल्या विज्ञानाच्या बाईंना 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली. 24 वर्षांनी निवड श्रेणी, मध्ये जमलेच तर पर्यवेक्षिकापद. त्यांचा हेवा वाटत नाही. (पेढा खाताना थोडा वाटला होता.) माझे नाव मात्र सेवाज्येष्ठता यादीत येणार कुठून? संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेला जी पदे मंजूर करते त्यांत, माझे पदच नाही.

मुख्याध्यापक आपुलकीने सांगतात, "मॅडम, बीएड करून घ्या, पुढे काहीतरी होईल." म्हणजे पुढे जायचे तर समुपदेशन सोडून तास घ्यायचे!

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितले आहे. नेमणुका होतीलही. पण नेमलेला माणूस टिकणार कसा? माझ्या ओळखीच्या दोघी चार-पाच वर्षांत शाळा सोडून खासगी दवाखान्यात गेल्या. घरी बाप पिऊन मारतो, हे आठवीतली मुलगी पहिल्या भेटीत सांगत नाही. आधी पोट दुखते म्हणून येते, मग नुसतीच येऊन बसते, दिवाळीनंतर कधीतरी बोलते. जूनमध्ये खुर्चीत नवीन बाई दिसल्या की तिचे पुन्हा पोट दुखायला लागते.

म्हणून आधी संचमान्यतेत समुपदेशकाचे पद आणा आणि त्याला शिक्षकांसारखीच 12 व 24 वर्षांची श्रेणी लावा. मग तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या प्रत्येक गटसाधन केंद्रात एक वरिष्ठ समुपदेशक द्या, आणि तो शाळांत काम केलेल्यांमधूनच बढतीने घ्या. आज एखाद्या मुलाने हातावर ब्लेड मारून घेतले तर सल्ला विचारायला मला वरचे कुणीच नाही. मैत्रिणीला फोन करते. त्यापुढे डाएटमधल्या (शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेतल्या) पदांसाठी आमचा अनुभव ग्राह्य धरा. शिक्षकांना मुलांचे ऐकायचे कसे, हे शिकवायला तिथे आमचा उपयोग होईल. आणि हो, रजेवरच्या शिक्षकांचे ऑफ तास आमच्या गळ्यात मारणे तेवढे बंद करा.

पुढच्या संचमान्यतेआधी निर्णय व्हावा, ही विनंती. माझा यंदाचा आदेश 30 एप्रिलपर्यंतच आहे.

आपली,
एक शालेय समुपदेशक