पणजीची उधारीची वही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आपल्या घरात कुणी लाल बावट्यात, म्हणजे कम्युनिस्टांच्या कामगार चळवळीत, होतं का?" मी चटकन "होते ना, तुझे पणजोबा" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागून राहिली. अर्धंच सांगितलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

पणजोबा लाल बावट्यात होते हे खरंच. राजापूरकडून मुंबईला आले, मुकादमाच्या ओळखीने कापडगिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले, पुढे साच्यांवर, म्हणजे मागांवर, कायम झाले. १९२८ च्या मे महिन्यात गिरणी कामगार युनियन निघाली आणि त्यांनी पावती फाडली. युनियनचे कम्युनिस्ट पुढारी डांगे १९२२ पासून 'सोशॅलिस्ट' साप्ताहिक काढत होते, पण ते इंग्रजी. पणजोबा मराठी चौथी. त्यांना समाजवाद समजला तो साच्यांच्या हिशोबाने. मालकांना एका माणसाकडे दोनाऐवजी तीन साचे द्यायचे होते. म्हणजे तिघांतला एक घरी बसणार, आणि उरलेल्या दोघांची पळापळ दीडपट. हे समजायला पुस्तक लागत नाही. शिवाय युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणीत राबलेले, त्यामुळे सभेतलं बोलणं परकं वाटायचं नाही.

युनियन निघण्याआधीच, एप्रिलच्या अखेरीस, जवळपास सगळ्या गिरण्यांचे भोंगे थांबले. दीड लाख माणूस बाहेर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संप चालला. आता मला सांग, इतके महिने ही माणसं जेवली कुठे?

इथे तुझी पणजी येते. माझी आजी. डिलाईल रोडच्या चाळीत एका खोलीत तिची खानावळ होती, सोळा गडी जेवायचे. बरेच जण संप लागताच गावी गेले. पण पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद. जे मागे राहिले ते अडकले. युनियन धान्य वाटत होती, रशियातल्या कापड कामगारांनीही पैसे पाठवले होते, आणि सरकारला ते फार सलत होतं. तरी रोजची भाकरी आजीच्या चुलीवरच भाजली जायची, आणि ती उधार.

ती वही माझ्याकडे आहे. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक गड्याच्या पानावर वर एक चित्र आहे: धोटा (मागावर आडवं सूत नेणारा), नारळ, होडी, छत्री. खाली एका जेवणाला एक रेघ, पाचवी आडवी. पैसे चुकते झाले की पानभर तिरकी काट. मे ते सप्टेंबर एकाही पानावर काट नाही. रेघा मात्र ओळीने, एक दिवस खंड नाही. त्या काळात तिने पाटल्या गहाण टाकल्या, हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नाही. सभेला ती एकदाही गेली नव्हती. पण वर्षअखेर युनियनचे सभासद ५० हजारांच्या वर गेले ते अशा चुलींच्या जिवावर, असं मी ठामपणे म्हणेन.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. त्या खानावळीत दलित कामगाराला पान वाढलं जात नव्हतं. आणि साचे चालणाऱ्या खात्यात त्याला कामही मिळत नव्हतं. कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढायचं असे आणि इतर विणकर त्याला विटाळ म्हणत. डॉ. आंबेडकरांनी याच संपात हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. पणजोबा भाऊ भाऊ म्हणत लाल झेंड्याखाली बसत होते, आणि घरी पंगत मात्र जातीची होती. म्हातारपणी आजीला मी हे विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली, मग म्हणाली, "चुकलंच ते." एवढंच.

२० मार्च १९२९ ला धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, आळवे, कासले हे युनियनचे पुढारी सगळे कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात अडकले. त्या वर्षीचा दुसरा संप फसला. पणजोबा पुन्हा बदलीवर, रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे. तुझे आजोबाही गिरणीतच लागले, आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आईने त्या संपात पापड लाटले, शेजारच्या दोन पोरांना आमच्यातच जेवायला बसवलं. तिने वही ठेवली नाही. ती कुणाकडून शिकली होती, हे मी जाणतो.

छत्रीच्या पानावर अजून ४७ रेघा काट न मारलेल्या आहेत. "तो गावाला गेला, परत आला नाही," असं आजी म्हणाली होती; तरी तिने ते पान फाडलं नाही.

दिवाळीला येशील तेव्हा वही तुझ्याकडे देतो. कागद कुरकुरीत झालाय, पानं उलटताना दोन्ही हात लाव. आणि फोटो काढायचे असतील तर सकाळी काढ, गॅलरीत ऊन येतं तेव्हा. शिसपेन्सिलीच्या रेघा उजेडातच दिसतात.

तुझे,
बाबा