ओवीच्या नावाविषयी

म्युनिक, दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आई व अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत आणि डिंकाचे लाडूही पोचले. "ओवी हे काय माणसाचे नाव झाले?" असे अण्णांनी फोनवर विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ओवी म्हणजे ओवलेली, शब्दांत शब्द गुंफलेली. पहाटे आजी जात्यात मूठभर जोंधळे वैरून खुंटा धरायची आणि जात्याच्या घरघरीवर तिचा आवाज चढायचा, तीच ही ओवी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथात, महाराष्ट्रातील बायका कांडताना ओव्या गातात, असे लिहून ठेवले आहे. पुढे ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्यांत गीता सांगितली. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. तेव्हा नाव नव्या वळणाचे असले तरी शब्द आपल्याच घरातला आहे.

येथे मुले चिडवतील, ही आईची काळजी मात्र अनाठायी आहे. उलट सुईण ते ऐकून हसलीच, कारण नाताळच्या एका जुन्या गीतात 'ओ वी लाख्ट', म्हणजे 'अहा, कसे हसते', असे शब्द येतात आणि येथील पोरे 'ओवी' हे बाळ येशूचेच नाव समजतात.

येथील रीत तुम्हाला विचित्र वाटेल. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते आणि नावामुळे मुलाचे अहित होईल असे वाटले, तर नोंदणी अधिकारी ते नाकारू शकतो. आपल्या 'किरण' नावाचेच पाहा. मुलीचे हे नाव, त्यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही म्हणून, कार्यालयाने नाकारले होते. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. आम्ही सहाव्या दिवशीच अर्ज भरला, बारावा दिवस उजाडण्याची वाट पाहिली नाही. घाई कायद्याची होती हे खरे. पण फोन करण्याइतका वेळ होता, हेही खरेच. तुम्ही आजीचेच नाव सुचवाल आणि मला नाही म्हणवणार नाही, म्हणून मी फोन टाळला.

सुमीच्या लग्नासाठी दीड लाख रुपये काल पाठवले आहेत. त्यातून कार्यालयाचा इसार द्यावा. उरलेले मार्चअखेर नक्की पाठवतो, कर्ज काढू नये. मुलीचा पासपोर्ट वैशाखापर्यंत हाती पडेलसे दिसत नाही, त्यामुळे लग्नाला मी एकटाच येईन, तेही चारच दिवस. व्याह्यांना काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा. आत्याचा मान सुमीचाच आहे. दिवाळीत पाळणा बांधू, तेव्हा तिने बाळाच्या कानात आजीचेच नाव सांगावे.

माळ्यावरचे जाते भंगारात देऊ नये.

आपला,
बाळू