माजघरातला कॅमेरा का काढला

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी राउटर सकाळपर्यंत बंद ठेवायला लावला आणि माजघरातला कॅमेराही काढला, पण कारण विचारल्यावर मी धड उत्तर दिले नाही. आईचे रात्रीचे कीर्तनही त्यामुळे बुडाले. बाबांचा रक्तदाब पाहता जेवताना हा विषय नको वाटला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर तुम्ही दोघे डोळ्यांसमोर असावेत, एवढ्याचसाठी तो कॅमेरा बसवला होता आणि पुण्याहून पाहता यावे म्हणून राउटरमध्ये बाहेरून आत येणारी एक वाट, म्हणजे पोर्ट, उघडी ठेवली होती. ही चूक सर्वस्वी माझी. गेल्या आठवड्यात कॅमेऱ्यातील नोंदी चाळल्या, तेव्हा पहाटे तीनच्या सुमारास कोणीतरी ‘ॲडमिन’ या नावाने एकामागून एक पासवर्ड घालून पाहत असल्याचे दिसले. एकही लागू पडला नाही, हे मी दोनदा तपासले आहे. कोणी आपल्याच घरावर टपले आहे असेही नाही. असे प्रोग्राम इंटरनेटवरचे सगळे पत्ते, म्हणजे प्रत्येक जोडणीला मिळणारे आयपी क्रमांक, सरसकट धुंडाळतात, आणि २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे जवळजवळ सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळून दाखवले होते.

आपला आयपी पत्ता कायमचा नसतो. इंटरनेट कंपनी तो मुदतीने देते, आणि राउटर बराच वेळ बंद राहिला की बहुधा दुसरा मिळतो. सोमवारी सकाळी तो बदललेला होता. पण वाट उघडी राहिली असती, तर नव्या पत्त्यावरही हेच घडले असते. शिवाय पत्ता बदलला तरी घर सापडावे म्हणून मी घेतलेले डायनॅमिक डीएनएसचे नाव आपोआप नव्या पत्त्याकडे बोट दाखवत राहिले असते. म्हणून ते नाव रद्द केले, पोर्ट बंद केला आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला. वाय-फायचा पासवर्ड तोच आहे. टीव्ही, कीर्तन, नातवंडांचे व्हिडिओ कॉल, सगळे पूर्वीसारखे चालेल.

लहानपणी बाबा मागच्या दाराला कडी लावून आले, तरी पुन्हा जाऊन ती हलवून पाहायचे आणि मी बॅटरी धरून मागे उभा असायचो. त्याच घराचे एक दार मी दीड वर्ष उघडे ठेवले, हे मनातून जात नाही.

कॅमेरा काढला म्हणून माझे लक्ष कमी झाले, असे आईने मनाला लावून घेऊ नये. सकाळी घड्याळाला किल्ली देणारे बाबा आता दिसणार नाहीत, याची चुटपुट मलाच अधिक आहे. रोज सकाळी सातला आणि रात्री नऊला फोन करीन, तो उचलायचाच.

आई, राउटर पुसताना मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालू नकोस. सगळी सेटिंग पुसली जाऊन कारखान्यातला मूळ पासवर्ड परत येतो. बाबा, इंटरनेट कंपनीतून बोलतो म्हणून कोणी ओटीपी मागितला किंवा ॲप घ्यायला लावले, तर फोन ठेवून द्या आणि आधी मला कळवा. पैसे गेलेच, तर माझी वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हा आकडा मी फोनशेजारच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

आपला,
बाळ