तक्रार फेटाळल्याच्या पत्राला उत्तर : होम लोनसोबत गळ्यात मारलेली एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
विमा कंपनीचा ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : माझी मिससेलिंगची (चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची) तक्रार फेटाळल्याबद्दल, फेरविचार करून पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार साहेब,

तुमचं पत्र मिळालं. दीड पानाचं पत्र आहे पण मी तक्रारीत जे जे विचारलं होतं त्यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर त्यात नाहीये. फक्त चार वाक्यं आहेत, की फॉर्मवर माझी सही आहे, व्हेरिफिकेशन कॉलवर मी हो म्हणाले, फ्री लूकच्या (कागद हातात आल्यावर पॉलिसी परत करायच्या मुदतीच्या) पंधरा दिवसांत पॉलिसी परत केली नाही आणि तीन हप्ते भरले म्हणजे पॉलिसी मला मान्य होती, सबब तक्रार बंद. हा निर्णय मला मान्य नाही. का मान्य नाही ते नीट लिहिते, कृपया या वेळी कोणीतरी शेवटपर्यंत वाचा, कॉपी पेस्ट उत्तर पाठवू नका.

मी नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. २०२१ मध्ये आम्ही पाथर्डी फाट्याजवळ बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बुक केला. त्या वर्षी सरकारने बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत दिली होती म्हणून फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, लोनही मुख्य माझ्याच नावावर, मिस्टर को-ॲप्लिकंट. लोन २२ लाख, २० वर्षं, तेव्हाचा रेट ७ टक्के, हप्ता १७ हजारांच्या आसपास. फाइल सगळी तयार होती, बिल्डरचं पेमेंट अडलं होतं आणि बँकेतले आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) म्हणाले की मॅडम लोनसोबत इन्शुरन्स कंपल्सरी आहे, त्याशिवाय सँक्शन पुढे जात नाही. आणि ही पॉलिसी साधी नाही, वर्षाला ७२ हजार भरायचे, २० वर्षांनी १९ लाख मिळतात म्हणजे लोनवर जेवढं व्याज जातं तेवढं सगळं वसूल, आणि नाही झेपलं तर तीन वर्षांनी बंद करा, भरलेले सगळे पैसे परत.

हे मी आत्ता मनाचं सांगत नाहीये. त्यांनी हा हिशोब कागदावर पेनाने मांडून त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्यात "व्याज वसूल" आणि "३ वर्षांनी एक्झिट" असं त्यांच्या अक्षरात लिहिलंय, तारीख प्रपोजल फॉर्मच्या (पॉलिसीच्या अर्जाच्या) आदल्या दिवशीची आहे. मी तो फोटो पहिल्या तक्रारीला जोडला होता. तुमच्या पत्रात त्याचा साधा उल्लेखही नाही. का नाही?

आता तुमचंच बेनिफिट इलस्ट्रेशन (पुढे किती मिळेल ते दाखवणारा कागद) बघा, जे मला २०२४ मध्ये ब्रँचमध्ये मागितल्यावर पहिल्यांदा बघायला मिळालं. ४ टक्के परताव्याच्या हिशोबाने २० वर्षांनी साधारण ९.४ लाख आणि ८ टक्क्यांच्या हिशोबाने साधारण १६ लाख, आणि खाली स्पष्ट लिहिलंय की हे दोन्ही आकडे गॅरंटीड नाहीत. म्हणजे सगळ्यात चांगल्या परिस्थितीतसुद्धा जो आकडा तुमची कंपनी दाखवत नाही तो १९ लाखाचा आकडा मला लेखी देऊन ही पॉलिसी विकली. याला चुकीची माहिती देऊन विकणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? त्या इलस्ट्रेशनवर माझी सहीसुद्धा नाही, ग्राहकाच्या सहीची जागा कोरी आहे.

आणि "लोनचा इन्शुरन्स" म्हणून दिलेल्या या पॉलिसीचं विमा कवच किती, तर ७ लाख २० हजार. लोन २२ लाख. उद्या माझं काही बरंवाईट झालं असतं तर मिस्टर आणि पोरीच्या डोक्यावर पंधरा लाखाच्या आसपास कर्ज तसंच राहिलं असतं. कोविडच्या दोन्ही लाटांत मी वॉर्डात ड्युटी केलीये साहेब, मला विमा हवाच होता, माझ्यामागे घर जाऊ नये एवढीच माझी गरज होती आणि त्यासाठी साधा टर्म प्लॅन (फक्त विमा, बचत नाही) यापेक्षा कितीतरी कमी पैशात मिळाला असता. तो मला कोणी दाखवलासुद्धा नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, पैशापेक्षा जास्त.

आता तुमचे मुद्दे घेते.

सही. सही माझी आहे, मी कधीच नाही म्हणाले नाही. लोनच्या कागदांचा गठ्ठा समोर ठेवला होता, जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारलेल्या, त्यातच तुमचा फॉर्म होता आणि त्यातच हप्ता आपोआप कापायचा नॅचचा फॉर्म होता. मी रोज पेशंटच्या संमतीपत्रावर सह्या घेते. ऑपरेशन काय आहे, धोका काय आहे, दुसरा पर्याय काय आहे हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय घेतलेल्या सहीला आमच्याकडे संमती म्हणत नाहीत, उद्या काही झालं तर तो कागद दाखवून कोणी सुटत नाही. तुमच्या फॉर्मवरसुद्धा तसाच एक रकाना आहे. सही फॉर्मच्या भाषेत नसेल तर मजकूर ग्राहकाला समजावून सांगितला असं समजावणाऱ्याने लिहून सही करायची. फॉर्म इंग्रजीत, माझी सही मराठीत, आणि तो रकाना कोरा. मला इंग्रजी येत नाही असं मी म्हणत नाही, औषधांची नावं रोज वाचते, पण विम्याचा तेवढा मोठा फॉर्म दहा मिनिटांत लोनच्या गठ्ठ्यात वाचून समजेल असं तुम्हाला तरी वाटतं का. आणि तो रकाना तुम्हीच छापलाय ना, मग तो कोरा असताना पॉलिसी इश्यू कशी झाली?

त्याच फॉर्ममध्ये माझं वार्षिक उत्पन्न ९ लाख आणि व्यवसाय "बिझनेस" लिहिलाय. मी नर्स आहे, त्या वेळी पगार महिन्याला ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. त्याच आठवड्यात त्याच बँकेत त्याच टेबलावर दिलेल्या लोन फाइलमध्ये माझ्या सॅलरी स्लिपा आहेत, फॉर्म १६ आहे, हॉस्पिटलचं लेटर आहे. मग बँकेला एका फाइलमध्ये मी नर्स आणि दुसऱ्या फाइलमध्ये मी व्यापारी कशी दिसले? हा फॉर्म कॉम्प्युटरवर भरलेला आहे, मी भरलेला नाही. ४.८ लाख लिहिलं असतं तर लोनचा हप्ता जाऊन वर्षाला ७२ हजार या बाईला झेपतील का असं तुमच्याच अंडररायटिंगच्या (अर्ज तपासणाऱ्या) लोकांनी विचारलं असतं, म्हणून आकडा फुगवला असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. दोन्ही कागद सोबत जोडलेत, शेजारी शेजारी ठेवून बघा.

व्हेरिफिकेशन कॉल. मी ड्युटीवर असताना आला, हिंदीत, समोरच्या मॅडम भराभर वाचत होत्या. त्याआधी आरएमचा फोन आला होता की आता कंपनीचा कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा, नाही म्हणालात तर लोनची फाइल अडकेल. लोनचे पैसे त्यानंतर सुटले, आधी नाही, हे तारखांवरून तुम्हालाही दिसेल. तुम्ही पत्रात लिहिता की मी "सर्व अटी मान्य केल्या". मला सारांश नको, पूर्ण रेकॉर्डिंग द्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, म्हणजे पॉलिसीचा लोनशी संबंध नाही हे मला एकदा तरी सांगितलं का ते कळेल.

फ्री लूक. हा मुद्दा वाचून तर मला धक्काच बसला. तुम्ही म्हणता पॉलिसी बाँड ऑक्टोबर २०२१ मध्ये कुरिअरने डिलिव्हर झाला. कुठल्या पत्त्यावर? तुमच्याच रेकॉर्डप्रमाणे नवीन फ्लॅटच्या पत्त्यावर, चौथा मजला. साहेब ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या बिल्डिंगचा दुसरा स्लॅब पडला होता. चौथा मजला नव्हताच. बिल्डरचं "दुसरा स्लॅब पूर्ण" असं लिहिलेलं डिमांड लेटर माझ्याकडे आहे आणि त्यावरच बँकेने तेव्हाचा लोनचा टप्पा सोडला, म्हणजे बँकेलाही पक्कं माहीत होतं की तिथे कोणी राहत नाही. ताबा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. आम्ही तेव्हा नाशिकमधल्याच सिडकोत भाड्याने राहत होतो आणि तोच पत्ता लोन फॉर्मवर आणि आधारवर होता. मग बाँड घेतला कोणी, सही कोणाची? कुरिअरची डिलिव्हरीची सही दाखवा म्हणून मी पहिल्याच तक्रारीत मागितलं होतं, तुम्ही फक्त "डिलिव्हर्ड" असा शब्द लिहून पाठवला. फ्री लूकची मुदत पॉलिसीचे कागद ग्राहकाच्या हातात पडल्यापासून मोजतात, कुरिअरच्या कॉम्प्युटरमधल्या शब्दापासून नाही. माझ्या हातात ते कागद पडले २०२४ मध्ये, ब्रँचमधून डुप्लिकेट काढून घेतले तेव्हा.

तीन हप्ते. ते मी भरले नाहीत, खात्यातून कापले गेले, ईएमआय कापतात तसेच. आणि तीन वर्षांनी पैसे परत हे लेखी सांगितलेलं होतं म्हणून मी तीन वर्षं थांबले यात मान्यता कुठून आली? पहिल्या वर्षी ४.५ टक्के जीएसटी धरून ७५,२४० गेले, पुढची दोन वर्षं २.२५ टक्के धरून ७३,६२० प्रत्येकी. एकूण २,२२,४८०. तीन वर्षं झाल्यावर बंद करायला गेले तर सांगितलं सरेंडर व्हॅल्यू (मुदतीआधी बंद केल्यावर मिळणारी रक्कम) ७५,६०० मिळेल, भरलेल्या प्रीमियमच्या ३५ टक्के. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन फिरवून दाखवला तो आकडा, मला आधी वाटलं हे एकाच वर्षाचे आहेत. मधल्या काळात रेपो रेट ४ वरून ६.५ टक्के झाला, लोनचं व्याज वाढलं, त्यात वर्षाला हे ७२ हजार काढताना घरात काय काय मागे ठेवलं ते इथे लिहीत नाही. चौथा हप्ता मी भरला नाही, नॅच बंद केलं, आणि तुमच्या पत्राच्या शेवटी सल्ला आहे की पॉलिसी पुन्हा चालू करून लाभ घ्यावा. कृपया हा सल्ला मला परत देऊ नका.

अजून एक. फोनवर तुमच्या ऑफिसने सांगितलं की बँक वेगळी, आम्ही वेगळे, आरएम काय बोलले त्याला आम्ही जबाबदार नाही. बँकेत गेलं की ते म्हणतात पॉलिसी कंपनीची आहे, तिकडे बोला. ही टोलवाटोलवी आता बास झाली. बँक तुमची कॉर्पोरेट एजंट आहे, तुमच्या वतीने विकते आणि त्याचं कमिशन तुम्ही देता. माझा भाचा वकिली शिकतोय, त्याने कायदा काढून दाखवला, भारतीय करार कायदा १८७२, कलम २३८, एजंटने धंद्याच्या ओघात दिलेली खोटी माहिती ही मालकानेच दिली असं धरतात. आणि कलम १९, फसवून किंवा चुकीचं सांगून घेतलेल्या संमतीवरचा करार, ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द करता येतो. लोन देताना अमुकच कंपनीची पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेने करायची नाही हे रिझर्व्ह बँकेचं सांगणं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. बँकेकडे मी वेगळी लेखी तक्रार देतेय, पण म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही.

माझी मागणी सरळ आहे. पॉलिसी सुरुवातीपासून रद्द धरून २,२२,४८० रुपये पूर्ण, प्रत्येक हप्ता कापल्याच्या तारखेपासून व्याजासह, माझ्या खात्यात जमा करा. सरेंडर म्हणून ७५,६०० मला नकोत, ते परस्पर जमाही करू नका. हे मान्य नसेल तर कॉलचं पूर्ण रेकॉर्डिंग, कुरिअरची डिलिव्हरीची सही, प्रपोजल फॉर्मची सगळी पानं आणि बँकेतल्या ज्या माणसाच्या कोडवर ही पॉलिसी लॉगिन झाली त्याचं नाव आणि कोड द्या, आणि वर लिहिलेल्या प्रत्येक मुद्द्याचं वेगवेगळं लेखी उत्तर द्या.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा तसंच आलं तर मी विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकणार आणि पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात आणि तुमच्या नकारापासून एक वर्षाची मुदत आहे, हे सगळं मी बघून ठेवलंय. तिथे तुम्हाला ही कुरिअरची सही दाखवावीच लागेल, तर आत्ताच दाखवा.

सोबत व्हॉट्सॲप फोटोची प्रिंट, प्रपोजल फॉर्म, त्या काळातल्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६, बिल्डरचं डिमांड लेटर, ताबा पत्र, सिडकोतल्या घराचा भाडेकरार आणि बँक स्टेटमेंट जोडलंय, सगळ्यावर सही करून. ओरिजिनल माझ्याकडे आहेत, बघायचे असतील तर नाशिकच्या ब्रँचमध्ये घेऊन येईन. उत्तर लेखीच पाठवा, फोन नको, ड्युटीवर मला फोन घेता येत नाही. आणि पत्र आता नवीन फ्लॅटच्या पत्त्यावर पाठवलं तरी चालेल, आम्ही तिथेच राहतो.

आपली,
पॉलिसीधारक
नाशिक