तिरकस गुणाकाराआधी विचारायचा प्रश्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेतून निवृत्त झालो तरी संध्याकाळी गल्लीतली सातवी ते दहावीची मुले गणिताची वही घेऊन माझ्याकडे येतात. त्या वह्यांत सारखी दिसणारी एक गोष्ट शिक्षक आणि पालकांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र.

दोन अपूर्णांक शेजारी दिसले की मुले लगेच तिरकस गुणाकार करायला, म्हणजे एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायला, फुलीच्या दोन रेघा मारतात. मध्ये बरोबरचे चिन्ह आहे की गुणिले, हे बघतच नाहीत. २/३ × ९/४ या साध्या गुणाकारात ८ = २७ असे लिहिलेले मी पाहिले आहे. क्ष/३ + १/२ = ५/६ दिले, तर १/२ तसाच ठेवून ६क्ष + १/२ = १५ असे मांडतात. खरे उत्तर १ आहे!

मुले अजिबात कच्ची नाहीत. त्यांना 'ट्रिक' मिळाली, तिच्यामागचे कारण कुणी सांगितले नाही. अ/ब = क/ड असेल, तर दोन्ही बाजूंना ब आणि ड या दोन्हींनी गुणायचे. डावीकडचा ब जातो, उजवीकडचा ड जातो, आणि अ × ड = क × ब उरते. इतकेच. हे फळ्यावर एकदा मुलांच्याच हातून करून घेतले, की बरोबरचे चिन्ह नसेल तिथे फुली मारता येत नाही आणि जादा पद असेल तर त्यालाही गुणावे लागते, या दोन्ही गोष्टी त्यांना आपोआप कळतात.

दुसरी अडचण अपूर्णांकांच्या धास्तीची. पाऊण एकराला फवारणीचे साडेसात पंप लागले, तर अडीच एकराला किती? आमच्याकडच्या मुलांना फवारणी नवी नाही, पण कागदावर छेदाखाली छेद आला की पेन थांबते. तिरकस गुणाकाराने ३/४ × क्ष = १५/२ × ५/२, म्हणजे ७५/४. दोन्ही बाजूंना ४ ने गुणले की ३क्ष = ७५ आणि क्ष = २५. पाऊणकी (पाऊणचा पाढा) पाठ असलेली आमची पिढी मात्र फुली न मारताच सांगत असे: दहा पाऊणे साडेसात, म्हणजे एकरी दहा पंप, अडीच एकराला पंचवीस. पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी पुन्हा घोकायला लावा असे मी म्हणत नाही. पण आधी 'एका एकराला किती' हे मनात काढायची सवय लागली, तर तिरकस गुणाकाराचे उत्तर मुलांना स्वतःच ताडून पाहता येईल.

सर्वांत काळजीची चूक तिसरी. ६ मजुरांना ८ दिवस लागतात, तर ४ मजुरांना किती? ६/८ = ४/क्ष मांडून मुले ५ पूर्णांक १/३ दिवस काढतात. माणसे कमी झाली आणि काम लवकर उरकले, हे त्यांना खटकत नाही! गुणाकार बिनचूक असतो, मांडणी चुकलेली असते. उत्तर १२ दिवस.

११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढायची रीत, सांगताना हीच खबरदारी घेतली आहे. प्रमाण (दिलेली संख्या) आणि इच्छा (जिच्यासाठी उत्तर हवे ती संख्या) एकाच जातीची असावीत, ती पहिली आणि शेवटची मांडावीत, फळ (प्रमाणाला मिळणारे) मध्ये ठेवावे; मग फळाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे. इच्छा वाढली की फळ घटते, अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक वापरावे, हेही त्यांनी स्वतंत्रपणे सांगितले. आणि त्यांचे उदाहरण बघा: ३/७ निष्काला (निष्क हे जुने नाणे) अडीच पळे (पळ हे जुने वजन) केशर, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळे. सुरुवातच अपूर्णांकांनी! चाळीसगावजवळच्या पाटण्यात त्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे. आपल्या भागातल्या मुलांना ही परंपरा आणि तिचे गणित, दोन्ही मिळायला हवे.

शिक्षकांना विनंती, की रीत तपासताना 'हे सम चलन की व्यस्त, आणि का' या एका ओळीला गुण ठेवावेत. घटक चाचणीत निम्मी उदाहरणे तरी पाऊण, दीड, अडीच अशा अपूर्णांकांची द्यावीत. पालकांनी मोबाइलवरच्या दोन मिनिटांत उत्तर काढून देणाऱ्या व्हिडिओंवर विसंबण्याऐवजी मुलाला एवढेच विचारावे: हे वाढले तर ते वाढेल की घटेल?

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, चाळीसगाव