पुसून टाकलेला पाऊस

प्रति,
मा. संपादक,
यांस स. न. वि. वि.

विषय : ‘सिटिझन केन’ या चित्रपटाच्या डिस्कची शिफारस आणि ‘स्वच्छ चित्र’ हा निकष

महोदय,

घरी पाहण्याजोग्या जुन्या हॉलिवूडपटांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’ला पहिले स्थान दिले आहे. त्या निवडीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु कोणती प्रत पाहावी हे सांगताना, चित्र इतके स्वच्छ आहे की ते कालच टिपल्यासारखे वाटते, एवढ्या एकाच गोष्टीवर लेखकाने भर दिला आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. चाळीसगावात मी दीर्घकाळ फोटो स्टुडिओ चालवला आणि रंगीत फिल्मने धंदा गिळेपर्यंत कृष्णधवल निगेटिव्ह धुण्याचे, एन्लार्जरखाली प्रिंट काढण्याचे काम स्वतःच्या हाताने केले. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो की, या चित्रपटापुरते तरी ‘स्वच्छ’ हे प्रशस्तिपत्र फार सांभाळून द्यावे लागते.

फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेली असते. त्या कणांच्या समूहालाच आम्ही ग्रेन म्हणतो. तो चित्रावर साचलेला मळ नव्हे. डोळा, केस, कापडाची वीण, भिंतीचा खडबडीतपणा हे सारे त्या कणांतूनच दिसते. कण काढले की त्यांच्याबरोबर तपशीलही जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) वीस अंशांवर राखण्यासाठी ट्रेभोवती बर्फ ठेवावा लागे. तेवढे करूनही द्रावण तापले, तर ग्रेन भरड होई आणि इमल्शन, म्हणजे चांदीचे कण धरणारा फिल्मवरचा थर, मऊ पडून निगेटिव्हवर ओरखडे उठत. त्यामुळे कोणता कण फिल्मचा आणि कोणता डाग आपल्या हलगर्जीपणाचा, हे ओळखायला नजर शिकतेच. संगणकाला ही नजर आपोआप येत नाही.

याचा ढळढळीत पुरावा याच चित्रपटाच्या २००१ साली अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीत सापडतो. कथानायक, वृत्तपत्रांचा मालक केन याचा जुना सहकारी बर्नस्टीन आपल्या कार्यालयात बसून वार्ताहराला आठवणी सांगतो, तरुणपणी क्षणभरच दिसलेली पांढऱ्या पोशाखातली मुलगी आपल्याला आजही आठवते असे म्हणतो, तेव्हा मागच्या खिडकीबाहेर पाऊस पडत असतो. त्या डीव्हीडीत हा पाऊसच नाही. डाग काढणारी संगणक प्रणाली फिल्मची एक चौकट (फ्रेम) मागच्या-पुढच्या चौकटींशी ताडून पाहते आणि एका चौकटीत आहे पण शेजारच्या चौकटीत त्या जागी नाही, अशा वस्तूला धूळ समजते. पावसाचे थेंबही असेच क्षणजीवी असतात. बहुधा त्यांना फिल्मचा जादा ग्रेन समजून पुसण्यात आले असावे. आश्चर्य असे की, तयार चित्र डोळ्यांखालून घालणाऱ्या कोणालाही ही उणीव जाणवली नाही, किंवा जाणवूनही ती चालवून घेतली गेली. चित्र मात्र निर्विवाद स्वच्छ दिसते!

आमच्या धंद्यात याचा छोटा नमुना रोजच पाहायला मिळे. लग्नासाठी स्थळांकडे पाठवायच्या फोटोतले देवीचे व्रण काढा, असा आग्रह घरचे धरत आणि रिटचिंगची पेन्सिल जरा जास्त चालली की मुलाचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होई.

उजेडाची गोष्टही तशीच आहे. त्याच डीव्हीडीवर चित्र गरजेपेक्षा जास्त उजळल्याची टीका जाणकारांनी केली होती. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी या चित्रपटात अंधाराचा वापर हेतुपूर्वक केला आहे. सुरुवातीचा वार्तापट संपल्यावर छोट्या प्रोजेक्शन रूममध्ये पत्रकार बोलत बसतात, तेव्हा प्रोजेक्टरच्या झोताखेरीज तिथे जवळजवळ काहीच उजेड नाही आणि चेहरे काळोखात राहतात. पुढे महत्त्वाच्या भूमिकांत दिसणारे जोसेफ कॉटन यांच्यासारखे नट त्या काळोखात पत्रकार म्हणून बसलेले आहेत, ते सहज ओळखू येऊ नयेत म्हणूनही तो काळोख हवा. चित्र उजळवले की त्या प्रसंगाची सारी रचना कोसळते. चाळीसगावात राहून छायाप्रकाशाविषयी एवढे बोलण्याचे धाडस करतो, ते आमच्या गावाला केकी मूस यांच्या कृष्णधवल छायाचित्रांचा वारसा आहे म्हणून. ज्यांनी त्यांच्या घरी जपलेल्या प्रिंट पाहिल्या असतील, त्यांना काळ्याच्या आतही किती छटा असू शकतात हे निराळे सांगावे लागणार नाही.

आता ज्या वार्तापटाचा वर उल्लेख केला, तो तर स्वच्छतेच्या निकषाची पुरती फजिती करतो. केनच्या मृत्यूनंतर दाखवला जाणारा हा बातमीपट जुन्या, वापरून झिजलेल्या फिल्मचा वाटावा, यासाठी संकलक रॉबर्ट वाइज आणि त्यांच्या साथीदारांनी फिल्म जमिनीवर घासली, तिच्यावर मुद्दाम ओरखडे पाडले. म्हणजे या चित्रपटात काही ओरखडे पुढच्या काळात पडलेले आहेत आणि काही निर्मात्यांनी हौसेने पाडलेले आहेत. पहिले काढायचे आणि दुसऱ्यांना हातही लावायचा नाही, हा विवेक माणसानेच करायचा असतो. एका बटणावर सगळी धूळ झाडणाऱ्या यंत्राकडून ती अपेक्षा कशी करणार?

या चित्रपटाचा ग्रेन सर्वत्र सारखाही नाही. तंत्रज्ञ लिनवुड डन यांनी ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचे चित्र दुसऱ्या फिल्मवर टिपणाऱ्या यंत्रावर, जोडून तयार केलेली दृश्ये त्यात विपुल आहेत, आणि अशा दृश्यांत फिल्मवरून पुन्हा फिल्मवर प्रत घेतलेली असल्याने कण अधिक ठळक होतात. केनची दुसरी पत्नी सुसान हिच्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या दृश्यात पुढे औषधाचा पेला, मधे पलंग, मागे दार, असे सारेच स्पष्ट दिसते. ते एका भिंगाचे सामर्थ्य आहे असे पुष्कळांना वाटते, पण तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करून ते साधलेले आहे. अशा चित्रपटाला आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा गुळगुळीतपणा आणायचा म्हणजे कारागिराची करामतच झाकायची.

या चित्रपटाच्या पुनरुद्धाराला, म्हणजे जुन्या फिल्मवरून चित्र पुन्हा नीट करून घेण्याला, आणखी एक अडचण आहे. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आज उपलब्ध नाही. तेव्हा जे काही करायचे ते मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या जुन्या प्रतींवरूनच करावे लागते आणि ती प्रत जितक्या पिढ्या दूरची, तितका तपशील विरळ. २०११ साली वॉर्नर कंपनीने चित्रपटाची सत्तरी साजरी करताना काढलेली ब्लू-रे नायट्रेट या जुन्या प्रकारच्या फिल्मच्या फाइन ग्रेन मास्टर पॉझिटिव्हवरून, म्हणजे पुढच्या प्रती काढण्यासाठी जपलेल्या बारीक कणांच्या प्रतीवरून, फोर-के (सुमारे चार हजार बिंदू रुंदीचे) स्कॅन करून तयार केलेली आहे. तिच्यात बर्नस्टीनच्या खिडकीबाहेर पुन्हा पाऊस पडतो, काळा खरोखर काळा दिसतो आणि ग्रेन जागेवर राहतो. माझ्या मते काळाच्या क्रमाने घरात ठेवण्याजोगी पहिली प्रत हीच. २०२१ साली क्रायटेरियन या कंपनीने काढलेला फोर-के संच त्याहून सरस आहे, तरी त्याच संचातल्या ब्लू-रे डिस्कवर साधारण अर्ध्या तासानंतर चित्राचा कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) बिघडत असल्याचे ग्राहकांच्या लक्षात आले आणि कंपनीने डिस्क बदलून दिल्या. फोर-के डिस्कमध्ये हा दोष नव्हता. नावाजलेल्या संस्थेकडूनही अशी चूक होते, तेव्हा केवळ नाव पाहून शिफारस करणे पुरेसे नाही.

नायट्रेटचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट नमूद करतो. ही फिल्म किती ज्वालाग्राही असते हे आपल्याला हॉलिवूडने सांगायला नको. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारालाच आग लागली होती. ज्या जुन्या मराठी बोलपटांची चांगली प्रत आज मिळत नाही, त्यांच्याविषयी लिहितानाही मूळ फिल्म कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न आपल्या पुरवणीने विचारायला हवा.

जळगाव-धुळ्याकडे हा चित्रपट पाहणारे रसिक एक तर कधीकाळी घेतलेल्या डीव्हीडीवर अवलंबून असतात किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या प्रतीवर. दुसऱ्या प्रकारात ती प्रत कुठल्या पुनरुद्धाराची आहे, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. शिवाय ग्रेनसारख्या सतत हलणाऱ्या बारीक तपशिलाला भरपूर डेटा लागतो आणि तो वाचवण्यासाठी ग्रेन दाबला जातो. सावल्यांमध्ये मग चौकोनी ठोकळे तरंगताना दिसतात. उरलेसुरले काम आपला टीव्ही करतो. ‘सिटिझन केन’चे चित्र १.३७ ला १ या, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी थोडीच जास्त असलेल्या, प्रमाणात आहे, म्हणून रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायलाच हव्यात. पट्ट्या खटकतात म्हणून चित्र ताणले तर माणसे ठेंगणी दिसतात आणि झूम केले तर वरचा-खालचा भाग कापला जातो. टोलंड यांनी कॅमेरा जमिनीलगत ठेवून खोल्यांची छते मुद्दाम दाखवली, त्यासाठी सेटवर कापडाची छते बांधली गेली. दिवाणखान्यात रिमोटचे एक बटण दाबून आपण तीच उडवून लावतो.

तेव्हा आपणास विनंती आहे की, पुरवणीत यापुढे एखाद्या जुन्या चित्रपटाची शिफारस करताना ती प्रत कोणत्या सालच्या पुनरुद्धाराची आहे, तो कोणत्या फिल्मवरून झाला आणि चित्राचे मूळ प्रमाण राखले आहे का, एवढे तरी छापावे. जागा कमी पडत असल्यास नटनट्यांच्या चरित्राच्या चार ओळी कमी कराव्यात, त्या कुठेही मिळतात. ज्यांनी पुरवणीतला तो लेख वाचून चित्रपट पाहायचे ठरवले असेल, त्यांनी टीव्हीवरची शार्पनेस शून्यावर आणावी, चित्राची हालचाल मऊ करणारी सोय बंद करावी आणि बर्नस्टीनच्या खिडकीबाहेर पाऊस दिसत नसल्यास दुसरी प्रत मिळवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक
चाळीसगाव, जि. जळगाव